बहिरोबाचा खेळ

“आजी म्हणत आहे की, हजेरीपट घेऊन चला.”

मीनाक्षी असं म्हणाली तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर खांबाला आरसा टांगून दाढी करत होतो. रविवारची सकाळ होती. एका गालावर साबण आणि एक गाल मोकळा, अशा अवस्थेत माणसाला अधिकारवाणीने बोलता येत नाही. तरी मी प्रयत्न केला.

“हजेरीपट शाळेबाहेर जात नसतो. तो सरकारी कागद आहे म्हणावं.”

मीनाक्षीने ते आजीला माडिया बोलीत सांगितलं. आजी म्हणजे जोगी मिच्चा. काटकुळी म्हातारी, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा, कपाळावर जुनं गोंदण. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पुन्हा तेवढंच बोलली आणि पायरीवर बसून राहिली. मीनाक्षीने पुन्हा तेवढंच भाषांतर केलं.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. भामरागडच्याही पलीकडे, जिथे एसटी तर सोडाच, एसटीची बातमीही पोचत नव्हती, अशा रानात आमची निवासी शाळा होती. मी मूळचा वाईचा. वय सत्तावीस. बदलीवरून एका साहेबाशी हुज्जत घातली, तेव्हा साहेबाने माझी हौस फेडली आणि थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. हेडमास्तर तालुक्याला गेले की शाळेचा राजा मी, प्रधान मी आणि प्रजा तुळशीराम. तुळशीराम हा आमचा स्वयंपाकी, शिपाई आणि नदीपलीकडच्या जगाचा माहीतगार. तो हात पुसत बाहेर आला.

“गुरुजी, बुढी आता हालनार नाई,” तो म्हणाला. “तिच्या सुनेले लेकरू झालं हाये. तीन दिस झाले, लेकरू आंगावर पेतच नाई जी. नुस्तं रडून रायलं. बोळ्यानं दोन थेंब जातेत, तेवढंच.”

“मग हजेरीपट कशाला? डॉक्टर हवा.”

“डाक्टर गुरवारी येते.”

गुरुवार हा शब्द मला टोचला. का टोचला ते पुढे सांगतो.

“मीनाक्षी, नीट सांग. हजेरीपटाचं काय?”

मीनाक्षी दहा वर्षांची. चौथीत. मराठी ती फक्त पाठ्यपुस्तकातून शिकलेली, त्यामुळे बोलायची तेही धडा वाचल्यासारखं. हात बाजूला ताठ ठेवून ती म्हणाली, “आमच्या घरी बाळ आपले नाव आपण निवडते. आजी मेलेल्या माणसांची नावे घेते. बाळ रडत असते. ज्याचे नाव घेतल्यावर बाळ दूध पिऊ लागते, तो माणूस परत आलेला असतो. आता सर्व नावे संपली आहेत. दोन वेळा संपली.”

“मग?”

“फक्त आमचा भाऊ राहिला आहे. त्याचेही नाव घेतले. बाळ ऐकत नाही. आजी म्हणते, त्याला शाळेच्या नावाने बोलवावे लागेल. ते नाव आजीच्या जिभेवर बसत नाही. आणि हाक तुमचीच पाहिजे. रोज मारत होता तशी.”

मी उरलेला साबण पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली.

खरं सांगायचं तर मला आतून हसू येत होतं. पण तीन दिवसांचं उपाशी मूल ही काही हसण्याची गोष्ट नव्हती. मी शाळेतला दुधाच्या भुकटीचा डबा घेतला, चमचा घेतला, थर्मामीटर घेतला आणि म्हातारीच्या समाधानासाठी हजेरीपट काखेत मारला. डबा हे खरं औषध, हजेरीपट हा अंगारा, असा माझा हिशेब होता. तुळशीरामने उकळलेल्या पाण्याची बाटली खांद्याला लावली आणि आम्ही निघालो. पुढे आजी, मागे मीनाक्षी, तिच्यामागे मी आणि शेवटी तुळशीराम.

अडीच तासांची वाट होती. मोहाचे दिवस होते, झाडांखाली फुलांचा सडा पडलेला. मीनाक्षीने एक फूल उचलून तोंडात टाकलं आणि आपल्या भाषेत आजीला काहीतरी म्हणाली. मी मागून सवयीने म्हटलं, “मराठीत!” ती लगेच म्हणाली, “फूल गोड आहे.”

या मीनाक्षीचं नाव मुळात मासे. दाखल झाली तेव्हा मी विचारलं, नाव काय? म्हणाली, मासे. मला वाटलं, पोरगी जेवणाचं सांगतेय. मग कळलं की त्यांच्यात हे चांगलं बाईमाणसाचं नाव आहे. पण वर्गात ‘मासे, उभी राहा’ असं कसं म्हणायचं? मी डोकं लढवलं आणि मासेची मीनाक्षी केली. नाव बदललं आणि माशाचा अर्थही राखला! त्या रात्री मी माझ्या विद्वत्तेवर इतका खूश होतो की वाईला पत्रही लिहिलं.

नावं बदलण्याचा शोध माझा नव्हे. हेडमास्तरांकडे एक चोपडी होती. इंग्रजांच्या अमदानीत त्या जागी कुणा साहेबाने रानातल्या पोरांसाठी वर्ग काढला होता, त्याने ती सुरू केलेली. पहिली पानं साहेबाच्या तिरक्या अक्षरात. मूल आलं की केस कापा, माळा काढा, घरची भाषा बंद करा, सोपं नाव द्या. खाली नावांची यादी. साहेबाची नावं त्याच्या धर्माची होती, ती पुढे कुणीतरी खोडून तिथे अशोक, दिनेश, जयश्री असं लिहिलं होतं. साहेब गेला, झेंडा बदलला, चोपडी तीच राहिली. आम्हाला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. पोरांना उद्या जगात जायचं, तर जगाला उच्चारता येईल असं नाव नको?

फक्त एक गोष्ट मला पटत नसे. जुन्या नावाला ओ दिली तर हातावर पट्टी मारायची, असा चोपडीतला नियम. मी नव्या विचारांचा शिक्षक. मारून कुणी शिकतं का? मी त्याचा खेळ केला.

खेळाचं नाव बहिरोबा. संध्याकाळी सगळी मुलं पटांगणात पाठमोरी चालत सोडायची. मागून एकाने त्यांना घरच्या नावाने हाका मारायच्या. जो वळला तो बाद. जो वळलाच नाही तो बहिरोबा. बहिरोबाने मान न वळवता हात मागे करायचा, मी त्यावर गुळाचा खडा ठेवायचो. पोरं काय रंगून खेळायची! महिन्याभरात पट्टी कायमची भिंतीला टांगली गेली. हेडमास्तर म्हणाले, “टेमघरे, तुम्ही उद्या शिक्षणाधिकारी व्हाल.” मी नको नको म्हणत लाजलो.

या खेळातला आमचा पट्टीचा खेळाडू म्हणजे मीनाक्षीचा मोठा भाऊ. घरचं नाव इरपा. तो दाखल झाला त्या वर्षी चोपडीतली नावं संपत आली होती. दोन अशोक आधीच झाले होते. म्हणून मी घरचंच एक नाव काढून दिलं, माझ्या आजोबांचं. गजानन. काळाभोर, दात पुढे, सतत खिदळणारा. मी हजेरी घेताना गमतीने ‘गजाननराव’ म्हणायचो आणि तो माझ्या आजोबांच्या थाटात छाती काढून ‘हजर’ म्हणायचा. खेळात त्याला कुणी हरवू शकलं नाही. कानाशी येऊन ‘इरपा’ म्हणून ओरडलं, पाठीमागून रडून दाखवलं, ‘साप, इरपा, साप!’ म्हटलं, तरी गडी आपला सरळ चालतोय आणि हात मागे. पाच वर्षांत त्याने किती गूळ खाल्ला असेल, देव जाणे.

आदल्या श्रावणात तो तापाने गेला.

जोगीआजी तेव्हा त्याला न्यायला आली होती. मी नेऊ दिलं नाही. शिकल्यासवरल्या मुलाला झाडपाल्याच्या हवाली कसं करायचं? डॉक्टर गुरुवारी येणार होते. तो बुधवारी पहाटे गेला. मी माझ्या हाताने हजेरीपटात त्याच्या नावावर तांबड्या शाईची रेघ मारली आणि पुढे ‘मयत’ असं लिहिलं. लिहिताना रडलो, हेही लिहायला हवं. मला तो फार आवडायचा.

गाव म्हणजे सात-आठ घरं. मिच्चांच्या अंगणात पोचलो, तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. रडणं म्हणण्यापेक्षा, थकलेल्या मांजरीच्या पिलाचा आवाज. बाळंतिणीच्या छपरात पुरुषाने जायचं नव्हतं. मी बाहेर झापाच्या भिंतीशी उभा राहिलो आणि मीनाक्षीबरोबर भुकटीचं दूध आत पाठवलं. चमच्याने कसं पाजायचं, मान कशी धरायची, हे मी बाहेरून मोठ्याने शिकवत होतो. अविवाहित माणसाचा आवाज अशा वेळी फार खणखणीत असतो.

थोड्या वेळाने मीनाक्षी डबा घेऊन परत आली. “बाळाने ते बाहेर काढले. सर्व.”

“पुन्हा द्या.”

“तीन वेळा दिले.”

मी तुळशीरामकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो काखेतल्या हजेरीपटाकडे बघत होता.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “घ्या ना जी हजेरी. काय जाते आपलं?”

आधी म्हातारीने आपली नावं पुन्हा एकदा घेतली. झापाच्या आतून तिचा आवाज येत होता, वरखाली न होणारा, वाट तुडवल्यासारखा. एकेक नाव आणि मध्ये थोडी थांबण्याची जागा. त्या जागेत बाळ रडायचं. मी मोजत नव्हतो, पण खूप नावं होती. कितीतरी पिढ्या त्या छपरापर्यंत येऊन दाराशी थांबून परत गेल्या. शेवटी तिने हाक मारली, “इरपा!” ही हाक वेगळी होती. ही यादीतली नव्हती, ही जेवायला बोलावल्याची होती. सात वेळा मारली. बाळ रडतच राहिलं.

मग आत सगळं थांबलं आणि मीनाक्षीने झापाच्या फटीतून सांगितलं, “आता तुम्ही.”

मी सरळ ‘गजानन’ म्हणणार होतो. पण म्हातारीचा निरोप आला की नाही, रोजच्यासारखंच झालं पाहिजे. म्हणून मोहाच्या झाडाखाली, अर्धी दाढी केलेला मी, हजेरीपट उघडून उभा राहिलो आणि समोर कोंबड्या असताना हजेरी घेऊ लागलो.

“एक, अशोक पुंगाटी. दोन, अशोक वड्डे. तीन, जयश्री ओक्सा...”

कोंबड्या इकडेतिकडे झाल्या. मला स्वतःचं हसू आलं आणि मग आलेलं हसू कुठेतरी गेलं. कारण त्या अंगणात, त्या म्हातारीच्या यादीनंतर, माझी यादी फार विचित्र ऐकू येत होती. कुठल्यातरी दुसऱ्याच गावाची माणसं चुकून इथे आणून उभी केल्यासारखी.

“अकरा, मीनाक्षी मिच्चा.”

“हजर!” झापाआडून आवाज आला. सवय.

बारा झाले. तेरा झाले. चौदाव्या नावावर तांबडी रेघ होती. श्रावणापासून मी ते नाव रोज डोळ्यांनी ओलांडत आलो होतो.

“चौदा. गजानन मिच्चा.”

बाळ रडत होतं.

“तसं नाई गुरुजी,” तुळशीराम कुजबुजला. “तुमी त्याले कसं बोलवत होते? तसं.”

मी मोठ्याने, लांबवून, रोजच्या थाटात हाक दिली, “गजाननराऽऽव!”

रडणं तुटलं.

मी वाट पाहिली. आत काहीतरी हललं, कुणीतरी बाई पुटपुटली आणि मग त्या शांततेत, नीट कान दिला तर ऐकू येईल असा, चुटूचुटू आवाज सुरू झाला. बाळ दूध पीत होतं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी हजेरीपट बंद करून तुळशीरामच्या पाठीवर थाप मारली. “बघितलंस? माझं नाव लागू पडलं!” रामबाण मात्रा देणाऱ्या वैद्याने मिशीला पीळ भरावा तसा मी उभा होतो, नुसती मिशीच काय ती नव्हती. आता बायका बाहेर येतील, गातील, मला मोहाची दारू देतील आणि मी ती सभ्यपणे नाकारीन, इथपर्यंत माझी तयारी झाली.

कुणी गायलं नाही. जोगीआजी बाहेर आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिचा चेहरा सुटकेचा होता, यात शंका नाही. नातू वाचला होता. पण त्या सुटकेखाली आणखी काहीतरी होतं आणि ते मला कळेना. मीनाक्षी येऊन आमच्या मध्ये उभी राहिली.

“आजी विचारत आहे, गजानन कोण होता?”

“माझे आजोबा.”

“ते काय करत होते?”

“हळद लावायचे. वाईला, नदीकाठी मळा होता.”

“ते चांगले होते का?”

“चांगले होते. जरा तापट. पण मुलांचा फार लळा.”

म्हातारीने यावर बराच विचार केला. मग मान हलवून काही बोलली.

“आजी म्हणत आहे, मग राहू दे त्याला. आला आहे तर आम्ही सांभाळू. आजपासून तो आमचा.”

मी हात जोडले. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून म्हटलं, “आजींना सांग, इरपाच परत आला. नाव गजानन, पण पोरगा तोच.”

मीनाक्षीने सांगितलं. म्हातारीने मान हलवली, ही नकाराची. मग ती बोलू लागली आणि बराच वेळ बोलत राहिली.

“काय म्हणते?”

“मला सर्व मराठीत येत नाही.”

“येईल तेवढं सांग.”

मीनाक्षीने हात बाजूला ताठ धरले. “आजी म्हणत आहे, इरपा नाही आला. गजानन आला. माझ्या आजीच्या सासऱ्याचे वडील इरपा होते. ते मेले, नंतर माझे आजोबा इरपा झाले. ते मेले, नंतर माझा भाऊ इरपा झाला. इरपा या घरातून कधी गेला नव्हता. आजीने त्याला आज सात वेळा बोलावले. त्याने ऐकले, पण तो वळला नाही.” ती थांबली. “तो शाळेत शिकला आहे. वळायचे नाही.”

मी खाली बसलो.

श्रावणातला तो बुधवार मला दिसला. मंगळवारची संध्याकाळ म्हणा. म्हातारी शाळेच्या खिडकीशी उभी राहून आत झोपलेल्या पोराला हाका मारत होती. इरपा, इरपा. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे उघडे होते. त्याने मान वळवली नाही. मी तेव्हा तिला म्हणालो होतो, ग्लानीत आहे, ऐकू येत नाही. उशाशी मी बसलो होतो आणि अंथरुणाबाहेर त्याचा हात पडला होता, तळवा वर करून. मला वाटलं, त्याला पाणी हवंय. मी पाणी पाजलं.

“आजी म्हणत आहे,” मीनाक्षीचा धडा चालूच होता, “तुमच्या घरी बाळ झाले की इरपाला एक हाक मारा. तुमचा माणूस आमच्याकडे आला आहे, तर आमचा माणूस तुमच्या वाटेला लागला असेल. तो बाहेर उभा असेल. एका हाकेत तो वळणार नाही. पुन्हा पुन्हा मारा.”

“मारीन,” मी म्हणालो. “शपथ.”

पुढे जूनमध्ये माझी बदली झाली. ऐंशी साली मला मुलगा झाला. बारशाला घर भरलं होतं. बायका पाळण्याभोवती दाटल्या होत्या, माझ्या बहिणीने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. बाळ रडत होतं आणि मी दाराशी उभा होतो. एक हाक. फक्त एक हाक मारायची होती. आई काय म्हणेल, सासुरवाडीची माणसं काय म्हणतील, मास्तरला रानात काही बाधलं का, असं कुजबुजतील. मी घुगऱ्या खाल्ल्या.

यानंतर ती शपथ मी अशी काही विसरलो की जणू कुणी गुळाचा खडा दिला होता.

गेल्या वर्षी नात ऋजुता परीक्षेचा अभ्यास करत होती. ती कायदा शिकते आणि घोकंपट्टीला तिला समोर श्रोता लागतो. निवृत्त मास्तर फुकटात मिळतो.

“आजोबा, वंशसंहार म्हणजे काय?”

“गोळ्या, छावण्या, खड्डे,” मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

“चुकलं. म्हणजे अर्धंच बरोबर. आंतरराष्ट्रीय करारात त्याचे पाच प्रकार आहेत आणि पाचव्यात कुणाला मारावंच लागत नाही.” तिने वाचलं, “एका समूहाची मुलं बळाने दुसऱ्या समूहात नेणं.” मग कॅनडातल्या, ऑस्ट्रेलियातल्या मुलांचं सांगू लागली. जिंकून घेतलेल्या लोकांची मुलं उचलून निवासी शाळांत घालायची. केस कापायचे, भाषा बंद, नावं बदलायची. कित्येक मुलं तिथेच मेली.

“गूळ देत असत का?” मी विचारलं.

“काय?”

मग मी तिला हे सगळं सांगितलं. बारशापर्यंत सगळं. ऋजुता माझी लाडकी आणि मी तिचा, त्यामुळे तिने आधी वकिलासारखी माझी बाजू घेतली. “नाही हो, आजोबा. प्रत्येक शाळा म्हणजे वंशसंहार नव्हे. त्याला हेतू सिद्ध व्हावा लागतो. संपवण्याचा हेतू. तुमचा होता का?”

“छे. मला त्यांचं भलं करायचं होतं.”

“तिकडच्या मास्तरांनीही तेच लिहून ठेवलंय,” ती हळू आवाजात म्हणाली आणि मग लगेच, मला वाईट वाटेल म्हणून, “त्या बाळाचं काय झालं पुढे?”

“वाढलं. तुळशीरामचं पत्र आलं होतं. गजानन मिच्चा. त्याला मुलंबाळंही झाली असतील आता. जोगीआजी गेली.”

“आणि मीनाक्षी?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

ते खरंच होतं. पण परतीच्या वाटेचं मी तिला सांगितलं नाही. ते जमलं नाही, म्हणून इथे लिहितो.

दुपार कलली होती. आम्ही तिघेच परत निघालो होतो, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि मीनाक्षीची शाळा चुकवून चालणार नव्हती. हो, इतकं सगळं झाल्यावरही मला तसंच वाटत होतं. ती पुढे चालत होती. कापलेल्या केसांखाली तिची बारीक मान दिसत होती. मला वाटलं, झालं ते झालं, निदान हिच्यापासून तरी सुरुवात करावी. तरुणपणी माणसाला चूक सुधारण्याचीसुद्धा फार घाई असते.

“मासे,” मी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

ती चालत राहिली.

“मासे!”

तुळशीराम म्हणाला, “आयकू नाई आलं वाटते तिले.”

आलं होतं. तिचे खांदे ताठ झालेले मला दिसत होते. मी तिसऱ्यांदा हाक मारली, जमेल तेवढ्या मायेने, जवळजवळ विनवणीच्या सुरात. पोरीचं पाऊल चुकलं नाही. दहा पावलं तशीच गेली आणि मग, मान जराही न वळवता, तिने उजवा हात मागे केला. तळवा उघडा होता. ती जिंकली होती आणि गुळाचा खडा मागत होती.